सावधपणाचा उंबरठा

मराठी विवाहविधीत 'सावधान' हा शब्द मोठ्याने उच्चारला जातो आणि अक्षतांच्या वर्षावात विरून जातो. तो ऐकताच नारायण ठोसर मंडपातून निघून गेले आणि पुढे समर्थ रामदास झाले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. परंतु जे मंडपातच थांबतात त्यांनाही तो शब्द उद्देशून असतो. संसार मांडणे म्हणजे नाशवंत वस्तूंचा आणि त्याहून नाशवंत अशा माणसांचा भार पत्करणे होय. हा भार कोठपर्यंत, हा प्रश्न मात्र मंगलाष्टकांत येत नाही.

जुन्या मराठी घरात या सावधपणाला 'बेगमी' म्हणत. कोकणात आगोटीच्या आधी घरे शाकारली जात, पडवीत लाकूडफाटा रचला जाई, सुकी मासळी आणि मीठ भरून ठेवले जाई. घाटावर चैत्र-वैशाखात कुरडया आणि सांडगे वाळत पडत. बेगमी उघड्या अंगणात होई, हे तिचे वैशिष्ट्य. पापड लाटायला शेजारणी येत. कोणाच्या घरी किती साठा आहे हे आळीला कळे आणि कोणाच्या घरी काहीच नाही हेही कळे. आळीच्या सीमेवर जातीच्या भिंती होत्या, त्यामुळे त्या दिवसांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि संकटाची तयारी ही लपवण्याची गोष्ट आहे, असे त्या काळी कोणाला वाटत नव्हते.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, विमानतळाच्या पलीकडे वसलेल्या द्वारकेत अंगण नाही. पप्पनकलां या नावाने आखल्या गेलेल्या या उपनगरात दिल्ली विकास प्राधिकरणाच्या भूखंडांवर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. 17 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे 5 वाजून 36 मिनिटांनी राजधानीला भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता 4.0 एवढीच होती. परंतु केंद्र धौला कुआँजवळ, द्वारकेपासून फारसे दूर नसलेल्या भागात, जमिनीखाली अवघ्या पाच किलोमीटरांवर होते, म्हणून तो अंगावर आल्यासारखा जाणवला. मोठी हानी झाली नाही. अशा धक्क्यानंतर काही दिवस घरोघरी तीच यादी निघते: पिण्याचे पाणी, कोरडे खाद्य, विजेरी, औषधे, महत्त्वाची कागदपत्रे, थोडी रोकड. पिशवी भरली जाते आणि दाराआडच्या खुंटीला टांगली जाते. तिच्याविषयी शेजारी सांगितले जात नाही. सांगायला थोडी लाजही वाटते.

ही पिशवी भरू नये असे कोणीही म्हणणार नाही. जे घडायचे ते घडणारच, असे म्हणून हात बांधून बसणाऱ्याच्या बोलण्याला वैराग्याचा सूर असला तरी त्याच्या घरातल्या लहान मुलाने ते वैराग्य पत्करलेले नसते. या मतावर अधिक थांबण्याची गरज नाही. अधिक अवघड गोष्ट वेगळी आहे: जो तयार नव्हता त्याला दोष देण्याची सज्ज माणसाला लागणारी सवय.

या सवयीचे उत्तर किल्लारीला मिळते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली गावे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. काही हजार माणसे मेली. त्या भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती, तेवढ्या धक्क्यात इतके बळी जाण्याचे एक मोठे कारण घरांतच होते. दगड आणि मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी पाटण आणि त्यावर मातीचा जाड थर असे ते माळवद. ही घरे अविचाराने बांधलेली नव्हती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यापासून ती माणसाला वाचवीत. दगड आणि माती गावातच मिळे. रुंद भिंत चोराला दाद देत नसे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या संकटांची ओळख होती त्यांच्याविरुद्धची ती उत्तम तयारी होती. ज्या संकटाची ओळख नव्हती त्याने नेमकी तीच तयारी माणसांच्या अंगावर आणली.

तरी ओळख अगदीच नव्हती असे नाही. 1992 साली किल्लारीच्या परिसराला धक्के बसले होते आणि लोक भ्यालेही होते. परंतु भिंत दगडाची आहे हे कळल्याने दुसरी भिंत बांधण्याची ऐपत येत नाही. ज्याच्याजवळ एकच घर आहे त्याला 'घर सोड' हे सांगणे सोपे असते. ते सांगणाऱ्याजवळ बहुधा दुसरे घर असते.

द्वारकेतल्या गृहस्थाजवळ ऐपत आहे. त्याची अडचण निराळी आहे. माळवदाची भिंत निदान त्या घराची असे. येथे चौथ्या मजल्यावरचे घर ज्या खांबांवर उभे आहे ते कोणा एकाचे नाहीत. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. वाहनांसाठी तळमजला खांबांवर मोकळा सोडण्याची पद्धत तेव्हा विशेष घातक ठरली. अशा इमारतीच्या खांबांची तपासणी करायची तर सर्वसाधारण सभा भरवावी लागते, वर्गणी काढावी लागते आणि जो म्हणतो 'इतकी वर्षे काही झाले नाही' त्याचेही ऐकून घ्यावे लागते. पिशवी भरणे एका संध्याकाळचे काम आहे. सभेचे काम वर्षभर चालते आणि पुष्कळदा त्यातून काही निष्पन्न होत नाही. म्हणून पिशवी भरली जाते.

जिन्याचेही तसेच. ज्याच्या दाराआड पिशवी टांगलेली असते त्याचेच चपलांचे कपाट आणि मुलाची जुनी सायकल पुष्कळदा जिन्याच्या वळणावर असते. घराच्या आत तो सावध आणि उंबरठ्याबाहेर दुसऱ्याच्या वाटेतला अडथळा असतो. या दोन भूमिकांत विरोध आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. 10 जून 2025 रोजी द्वारकेच्या सेक्टर 13 मधील एका बहुमजली इमारतीत आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरून खाली उडी घेतलेला एक पिता आणि दोन मुले दगावली. त्या घराविषयी बाहेरच्याने निवाडा देऊ नये. उरलेल्या सर्व इमारतींतल्या जिन्यांकडे मात्र पाहता येते.

आणखी एक हिशेब यादीत येत नाही. चार माणसांचे तीन दिवसांचे पाणी मोजताना सकाळी भांडी घासायला येणारी बाई कोणाच्या घरात मोजायची? रात्रभर फाटकावर बसणारा रखवालदार कोणाच्या? धक्का पहाटे बसला तर ती आपल्या वस्तीत असेल, दुपारी बसला तर याच ओट्यापाशी. कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर तिचे नाव नाही, म्हणून तिची तहान कमी होत नाही. मोजून ठेवलेले पाणी पाचव्या माणसाला दिले तर पोटच्या मुलाच्या वाट्याचे कमी होते, हेही खरे आहे. ते नाकारून उदार होता येत नाही. पाचवी बाटली आधीच भरून ठेवण्याचा मार्ग तेवढा मोकळा आहे, आणि तो शांततेच्या दिवसांतच मोकळा असतो.

या उपनगराने ज्या नगरीचे नाव घेतले तिची अखेर महाभारताच्या मौसलपर्वात सांगितली आहे. समुद्र नगरी गिळणार हे अर्जुनाला कळले होते. सातव्या दिवशी सूर्योदयाला निघायचे, असे त्याने सांगितले. आणि निघताना यादवांच्या घरच्या स्त्रिया, मुले, वृद्ध आणि त्यांच्याबरोबर चारी वर्णांचे नागरिकही निघाले. मागे समुद्राने द्वारका बुडवली. पुढे वाटेत आभीरांनी हा तांडा लुटला आणि गांडीव अर्जुनाच्या हाताला वश होईना. जे उरले त्यांना घेऊन तो चालत राहिला, आणि त्यांतल्या वज्राला त्याने इंद्रप्रस्थात, म्हणजे परंपरेनुसार याच दिल्लीत, आणून वसवले.