खाल्ले मीठ आणि विचारलेला प्रश्न

रहस्यपट पाहावयास बसलेल्या प्रेक्षकाची मागणी एकच असते: कृत्य कोणी केले ते अखेरीस कळावे. ते कळले म्हणजे तो निश्चिंतपणे घरी जातो. मिखाएल हानेके या दिग्दर्शकाने २००५ साली 'काशे' या फ्रेंच चित्रपटात ही मागणी साफ नाकारली. पॅरिसमधील एका सुखवस्तू कुटुंबाच्या दारी, त्याच्याच घरावर पाळत ठेवून घेतलेल्या चित्रफिती येऊन पडतात. पाठविणारा कोण, हे शेवटपर्यंत सांगितलेले नाही. कॅमेरा कित्येकदा जागचा हलत नाही. हा संथपणा पुष्कळांस जाचतो. मला तो अवश्य वाटला, कारण तेवढ्या अवकाशात 'पाठविले कोणी' हा प्रश्न मागे पडून 'दडविले काय' हा पुढे येतो.

मराठीत याच्या जवळचा चित्रपट म्हणजे जब्बार पटेल यांचा १९७४ सालचा 'सामना'. पटकथा विजय तेंडुलकरांची. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील एका निराधार, मद्यपी मास्तरास आपल्या घरी ठेवून घेतो; आणि हा मास्तर त्याचेच अन्न खाऊन, नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, असे भेटेल त्यास विचारीत सुटतो. डॉ. लागू व निळू फुले यांच्या अभिनयाविषयी नव्याने काय लिहावे! विचार करण्याजोगा आहे तो एक आक्षेप: खाल्ल्या मिठाला न जागणारा हा मनुष्य कृतघ्न नव्हे काय?

आक्षेप क्षुल्लक नाही. कृतज्ञता गेली तर आपला संसारही टिकणार नाही. तथापि उपकाराची फेड स्वतःच्या पदरचे देऊन करावयाची असते. मास्तराने आपले श्रम द्यावे, मान द्यावा, प्रसंगी अपमानही गिळावा. परंतु मारुतीला मिळावयाचा न्याय हा मास्तराच्या पदरचा नव्हताच. जे आपले नाही ते देऊन ऋणमुक्त कसे व्हावे?

शिवाय मीठ कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी हंगामात आदिवासी कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातच्या कारखान्यांसाठी ऊस तोडावयास जातात. चहात साखर ढवळताना आपण कोणाचे खातो, हा विचार आम्हां पांढरपेशांच्या मनास क्वचितच शिवतो.

'काशे'तील झॉर्झची स्थिती मास्तराच्या उलट आहे. त्याच्या आईवडिलांकडे राबणारे अल्जीरियन जोडपे १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमधील निदर्शनास गेले, ते परतलेच नाही. त्या दिवशी पोलिसांनी अनेकांचे प्राण घेतले होते. त्यांच्या पोरक्या मुलास, मजीदला, घरात ठेवावयाचे ठरत असता सहा वर्षांच्या झॉर्झने खोटे सांगून त्याला घालवून दिले. सहा वर्षांच्या मुलाच्या खोटेपणाबद्दल प्रौढास जबाबदार धरावे काय? माझ्या मते, नाही. परंतु चाळीस वर्षांनी मजीद समोर आला, तेव्हा झॉर्झ मूल नव्हता. इतकी वर्षे कशी काढलीस, एवढे विचारणे त्याच्या हाती होते. त्याने मजीदला धमकी दिली.