ऑपेरा आणि गोंधळ

आम्हां तुळजापूरकरांचा जन्म पाहुणे पाहण्यात जातो. कल्लोळतीर्थाकडे उतरणाऱ्या माणसांकडे बघत मोठं व्हायचं आणि कोण दर्शनाला आलंय, कोण नुसतं ‘बघायला’ आलंय हे चेहऱ्यावरून ओळखायचं. पहिला देवीकडे बघतो, दुसरा घड्याळाकडे.

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस पाहायला मी आणि माझी आत्या गेलो, तेव्हा मात्र आम्ही या दुसऱ्या वर्गातले होतो. तसं ऑपेरा हाऊस हे त्या भागाचंच नाव होऊन बसलंय. तिथे रोज उतरणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी ऑपेरा ऐकलाय, हा प्रश्न सभ्य माणसाने विचारू नये. पायाभरणी 1909 सालची. 1911 साली पंचम जॉर्ज बादशहांनी उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. उद्घाटन आधी आणि इमारत मागून, ही आपली प्रथा थेट बादशाही आहे!

पुढे तिथे सिनेमा आला. 1952 साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतलं, हे मी सांगताच आत्याने हात जोडले. तिला ‘गोंधळच्या महाराजांनी’ असं ऐकू आलं होतं. 1993 साली बंद पडलेलं हे थिएटर डागडुजी होऊन 2016 साली उघडलं. “आपली भवानी वर्षातून तीनदा पलंगावर निजते,” आत्या म्हणाली, “पण तेवीस वर्षं? बापरे!”

झुंबरं पाहून झाली. रंगमंचाच्या अंगाचे बॉक्स बघून तिने विचारलं, “इथून नाटक दिसतं, की नाटकवाल्यांना आपण दिसतो?”

प्रश्न अवघड आहे. कला कोणासाठी असते? तिकीट घेणारा नसला की थिएटरला कुलूप लागतं. आमचा गोंधळ तसा नाही. चौक भरायचा, दिवटी पेटवायची, संबळ-तुणतुण्यावर गावोगावच्या देवांना नावानिशी आवतण द्यायचं. ना पडदा, ना बॉक्स. मध्यरात्री निम्मं वऱ्हाड जाजमावर आडवं होतं, नवरदेव खांबाला टेकून पेंगतो. तरी गोंधळी एक कडवं गाळत नाही. कारण त्याची श्रोती जागी असते.

इथे आपली संस्कृती थोर, असं म्हणून टाळी घेता येईल. पण थांबा. ‘देवी ऐकतेय’ हे गोंधळ्याने म्हणणं वेगळं आणि यजमानाने म्हणणं वेगळं. गोंधळी म्हणतो ती श्रद्धा. यजमान म्हणतो ती बरेचदा सोय असते. देवी ऐकतेय, मग आपण झोपायला हरकत नाही. देवीची सेवा आहे, मग बिदागीत घासाघीस करायलाही हरकत नाही. मखमली खुर्चीचं तिकीट निमूट काढणारा गृहस्थ पहाटे संबळवाल्याशी शंभरासाठी हुज्जत घालताना मी पाहिलाय. तिकिटात एक सभ्यता आहे : ऐकण्याआधी पैसे मोजावे लागतात, आणि मोजले म्हणून माणूस निदान जागा राहतो!

म्हणजे गोंधळालाही तिकीट लावावं? आत्याला हे मुळीच पटलं नाही. चर्नी रोड स्टेशनपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “झोप आली तर खुशाल झोपावं रे. देवी रागवत नाही. पण आपल्या झोपेचे पैसे त्याच्या बिदागीतून कापू नयेत.”