भरीव

टी-शर्टावर, चहाच्या दुकानाच्या पाटीवर हल्ली एका वळणाची अक्षरं वारंवार दिसतात. जाडजूड, कडा गोल, आणि जुनी वाटावीत म्हणून मुद्दाम खरवडलेली. मधेच रंग उडालेला, एखाद्या कोपऱ्याचा टवका गेलेला. असतात मात्र ती संगणकावर नव्यानेच केलेली. जुन्या छापखान्यातल्या माणसाला ही हौस बघून हसू येईल. त्याच्या लेखी अशी छपाई म्हणजे बिघडलेलं काम. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचे खिळे छापून छापून झिजले की ते वितळवायला जायचे. मोठ्या जाहिरातींसाठी लाकडी अक्षरं असत, कारण तेवढा मोठा शिशाचा खिळा उचलणंच जड. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास ती यंत्राने कोरायला सुरुवात केली आणि ती भराभर मिळू लागली. लाकूडच ते. आपटलं की खोक पडे, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर ती पांढरी उमटे. तीच खोक आज आपण हौसेने काढतो.

पण ही करामत कुठल्याही अक्षरावर चालत नाही. बारीक रेघेच्या अक्षरावर असे ओरखडे काढून पाहा. रेघ मधेच तुटते आणि वाचणारा अडखळतो. देवनागरीत तर फारच पंचाईत. मात्रा पुसली गेली की ‘मोर’चा ‘मार’ होतो, ठिपका गेला की ‘रंग’ची ‘रग’. अंगाने भरलेल्या अक्षराचं तसं होत नाही. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपर यांचं ‘कूपर ब्लॅक’ १९२२ साली आलं. गुबगुबीत, कडा मऊ. त्यातला बराच भाग उडाला तरी ते लांबून वाचता येतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या गटाने केलेलं ‘मोदक’ही याच जातकुळीचं. इतकं भरलेलं, की अक्षराच्या पोटात मोकळी जागा जेमतेम उरते. त्यांचंच ‘बालू’ देवनागरीत नुसतं बालू, गुजरातीत बालू भाई, बंगालीत बालू दा, पंजाबीत बालू पाजी आणि तमिळमध्ये बालू तंबी. अक्षराला बाकी प्रत्येक लिपीत भाऊच करून टाकलंय! (हा खोडकरपणा मला त्या अक्षराइतकाच आवडतो.)

सकाळच्या घाईत आपण जे बोलतो त्याचंही असंच काहीसं आहे. घरच्यांबद्दल माया असतेच, ती मोजायची गरज नाही. पण ती ज्या शब्दांतून जाते, ते शब्द बारीक होत जातात. ‘हं.’ ‘बरं.’ ‘निघते.’ ‘बघू.’ वाटेत त्यांना ओरखडे पडायचेच. मिक्सर चालू असतो, कुकरची शिट्टी होते, समोरचा मोज्याची जोडी शोधत असतो. शब्दच एवढासा, त्यातून अर्धा झिजला, की पलीकडे पोचतो तो भलताच. आपण ‘बघू’ म्हणतो तेव्हा संध्याकाळी नक्की बघायचं मनात असतं. मुलीला मात्र ‘नाही’ ऐकू येतं. मग ती तोंड फुगवून बसते आणि आपल्याला कारण कळत नाही. मिक्सर बंद होणार नाही, घाईही जाणार नाही. नोकरी आहे, लोकल आहे. शब्दाला थोडं अंग देणं मात्र जमण्यासारखं आहे. ‘बघू’च्या जागी ‘संध्याकाळी आले की आधी तुझी चित्रवही बघते’. हे वाक्य शिट्टीत अर्धं बुडालं तरी ‘संध्याकाळी’ आणि ‘चित्रवही’ एवढं तिच्या हाती लागतं. तेवढ्यावर तिचा दिवस निघतो.

त्यासाठी गोड बोलायला शिकावं लागत नाही. फार नक्षीदार बोलणंही बारीक रेघेसारखंच असतं, जरा गडबड झाली की त्यातलं काही उरत नाही. साधा तपशील पुरे. वॉचमनकाकांकडे बघून नुसती मान हलवतो, तिथे ‘काका, मुलाची परीक्षा झाली का?’ असं विचारावं. ऑफिसात नुसतं ‘छान’ म्हणतो, तिथे ‘तुझ्या तक्त्यातला शेवटचा रकाना फार उपयोगी पडला’ असं सांगावं. आज कामावर पोचल्यावर गावी आईला मेसेज जाईलच. रोज ‘पोचले’ एवढाच जातो. आज त्यात थोडी भर घाला. ‘पोचले. गाडीला गर्दी होती, पण दादरला खिडकी मिळाली. तू सकाळची गोळी घेतलीस ना?’ गावात बसलेल्या आईला दादरच्या खिडकीचं काय कौतुक, असं वाटेल. असतं. दुपारी शेजारच्या काकू आल्या की ती त्यांनाही सांगते.