धीर धरायचा, पण कुठला? (गीता १८.३३ ते ३५)



आजचे तीन श्लोक अठराव्या अध्यायातले. ३३, ३४ आणि ३५. विषय एकच, धृती. आपण घरात ज्याला धीर म्हणतो तो. भगवंतांनी ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी यांचे तीन-तीन प्रकार सांगून झालेत आणि आता धीराचेही तीन सांगतात. हे वाचताना पहिल्यांदा मला जरा नवलच वाटलं होतं. म्हणजे धीर हा सरसकट चांगलाच असतो, असं आपण धरून चाललेलो असतो ना? कुणी अडचणीत असलं की सांगायचं, "धीर धर." पस्तिसावा श्लोक म्हणतो की एक धीर तामसही असतो. झोप, भीती, शोक, विषाद आणि मद या पाच गोष्टी माणूस ज्या धीराने सोडतच नाही, घट्ट धरून बसतो, तो तामस धीर.

भीती आणि शोक धरून बसायलासुद्धा चिकाटी लागते, हे मला आमच्या घरात कळलं.

माझी आत्या न्यू जर्सीला असते. तिने २००९ साली पप्पांसाठी, म्हणजे तिच्या धाकट्या भावासाठी, तिकडे अर्ज केला. भावंडांचा हा गट एफ-४ नावाने ओळखला जातो. १९९० च्या तिथल्या कायद्याने या गटाला वर्षाला साधारण ६५,००० जागा ठेवल्यात. वर, कुठल्याही एका देशाच्या वाट्याला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त जाऊ द्यायच्या नाहीत असा नियम. भारतातून अर्ज करणारे भरपूर, त्यामुळे रांग लांब. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात एक तारीख असते. तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर तुमचा नंबर. २०२५ मध्ये भारतासाठी ही तारीख २००६ सालातच फिरत होती. कधी दोन-तीन आठवडे पुढे सरकते, कधी महिनोन्महिने हलत नाही. आमचा अर्ज २००९ चा. करा हिशेब.

अर्ज केला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. कायद्याच्या भाषेत मूल म्हणजे २१ वर्षांखालचं, अविवाहित. २००२ च्या एका कायद्याने थोडी सूट दिली आहे, अर्ज कार्यालयात मंजुरीसाठी जितके दिवस पडून राहिला तितके दिवस वयातून वजा होतात. पण पंधरा-वीस वर्षांच्या रांगेत ती सूट कुठे पुरणार? म्हणजे ज्या मुलांच्या भविष्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, ती मुलं रांगेतच मोठी होऊन रांगेबाहेर पडतात. उद्या नंबर लागलाच तर आई-पप्पा जाऊ शकतील. मी नाही. हे घरात सगळ्यांना माहितीये आणि बरीच वर्षं कुणी मोठ्याने बोललं नव्हतं.

हा उशीर कायद्याचा आहे. तो कुणी मुद्दाम केलेला नाही, त्यावर रागवायचं तर कुणावर? पण उशिराबरोबर आणखी एक गोष्ट येते, ती मात्र माणसांची असते. तिकडे एका वकिलाचं ऑफिस आमचं काम बघतं. नाव सांगत नाही. फी वेळेवर जाते, उत्तर येत नाही. तीन मेल टाकले की एक येतो, आणि त्यात लिहिलेलं असतं की तुमचा मेल मिळाला. एकदा त्यांनी पप्पांच्या जन्माचा दाखला तातडीने मागितला. आता पप्पांचा जन्म शिरवळचा, १९६७ चा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, लागू झाला १ एप्रिल १९७० पासून, त्याआधीच्या खेड्यापाड्यातल्या नोंदी सापडल्या तर सापडल्या. आजीला विचारलं तर ती म्हणते, "कोयनेचा भूकंप झाला ना, तवा तू रांगत व्हतास." भूकंप ११ डिसेंबरचा, म्हणजे पोरगा त्या वर्षाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांतला असणार. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. गुरुजींनी त्या काळात अर्ध्या वर्गाला १ जूनलाच जन्माला घातलंय! मग नोंद आढळत नसल्याचा दाखला, दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, खंडाळ्याला खेपा. सगळं गोळा करून दोन महिन्यांत पाठवलं. ते पोचलं की नाही, बरोबर होतं की नाही, याला आज तीन वर्षं झाली, एक अक्षर नाही.

मला विचाराल तर वाट बघणं माणसाला तितकं मोडत नाही, जितकं हे न कळणं मोडतं.

आपल्याकडे खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी अडकलायत कधी? पहिला अर्धा तास सगळे हॉर्न मारत असतात, उतरून पुढे बघत असतात, चुकीच्या बाजूने गाड्या घालत असतात. मग वरून चालत आलेला कुणीतरी सांगतो, "वळणावर कंटेनर आडवा झालाय, क्रेन आली, तासभर लागंल." आणि काय होतं? इंजिनं बंद होतात. डबे उघडतात. शेजारच्या गाडीला लोक चटणी-भाकरी देऊ लागतात. घाट तेवढाच तुंबलेला असतो, तास तेवढाच असतो. फरक फक्त एका वाक्याचा.

पुंडलिकाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय आणि तिच्यातली ही बाजू मला इतक्यात दिसली. देव दारात आला, पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता, त्याने देवाला थांबवलं. आपण म्हणतो, बघा, त्याने देवालाही ताटकळत ठेवलं. पण कसं ठेवलं? दाराशी कुणी आलंय याची त्याने दखल घेतली, आपण कशात गुंतलोय ते सांगितलं आणि उभं राहायला वीट दिली. अठ्ठावीस युगांचा उशीर झाला असं आपण मानतो, पण दुर्लक्ष एका क्षणाचंही नव्हतं. ज्याला थांबवायचं त्याला निदान एक वीट द्यायची असते. "अजून काही नाही, पुढच्या महिन्यात परत बघतो" एवढं वाक्य म्हणजे वीटच की. त्याला पैसे पडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं दुसऱ्याने काय करायला हवं त्याबद्दल झालं. आपण काय करायचं? तक्रार करणं भक्ताला शोभतं का? की 'त्याची इच्छा' म्हणून गप्प बसायचं? माझे दोन-तीन मित्र अगदी मनापासून असं मानतात की पाठपुरावा करणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं. मला हे पटत नाही आणि न पटण्याचं कारण आपल्याच तालुक्यात दरवर्षी बघायला मिळतं. लोणंदला माऊलींची पालखी मुक्कामाला येते. मुक्कामी पोचल्यावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात, चोपदार दंड उंच करतात आणि एकदम शांतता. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवत राहते. चोपदारांना त्यांच्याकडे जावं लागतं, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, तोवर पुढे सरकत नाही. कुणी त्या दिंडीला म्हणत नाही की तुमची श्रद्धा कच्ची. मग हरवलं-सापडलं ते पुकारलं जातं आणि त्यानंतर आरती.

मला तर ही जगातली एक फार चांगली तक्रार निवारण पद्धत वाटते. आवाज करण्याची जागा ठरलेली, ऐकणारा माणूस ठरलेला आणि ऐकल्याशिवाय आरती नाही. तुमच्या अर्जाच्या पोर्टलवर असा एक चोपदार असता तर!

तर पाठपुरावा करायचा. तारखेसह लिहून ठेवायचं, काय पाठवलं, कधी पाठवलं, पोच आहे का. तीच फाइल वकील देत नसेल तर स्वतःची प्रत मागायची, गरज पडली तर वकील बदलायचा. हे सगळं करूनही मन शांत ठेवता येतं का, हा खरा प्रश्न आणि इथे ते तीन श्लोक कामाला येतात. चौतिसावा राजस धीराचा. फळाची आस धरून माणूस धर्म, अर्थ, काम घट्ट धरून ठेवतो. आमचं घर बरीच वर्षं तिथे होतं. 'जायचंच आहे' म्हणून वरच्या मजल्याचं काम नाही, पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिकडेच करू, आईने शिवणाचं दुकान वाढवायचं नाही. चिकाटी जबरदस्त होती, पण सगळी एका तारखेला बांधलेली. आणि तारीख हलेना तसा हाच धीर पस्तिसाव्या श्लोकात घसरला. पप्पा बुलेटिन बघायचे बंद झाले, फोन आला की उठून बाहेर जायचे. आत्याही फोन टाळायला लागली. सांगण्यासारखं काही नाही, मग कशाला करायचा. सख्खी भावंडं, एकमेकांजवळ राहता यावं म्हणून अर्ज केलेला आणि त्या अर्जापायी दोघं वर्षभर नीट बोलले नव्हते. ऑफिसचं मौन असं घरात शिरतं.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात आई-वडिलांसाठीच्या एका व्हिसाची रांग सरकारी अंदाजानेच तीस वर्षांच्या घरात आहे. साठीतले अर्जदार, तीस वर्षं. २०२३ साली तिथल्या सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी अहवालात म्हटलं की बहुधा कधीच मिळणार नाही अशा व्हिसासाठी अर्ज घेत राहणं हा क्रूरपणा आहे. मला हे वाचून बरं वाटलं. नकार दिला असता तर माणूस रडून मोकळा झाला असता. खोटी आशा देणं ही नकारापेक्षा मोठी हिंसा आहे का, यावर विचार करा. मी अजून करतोय, कारण दुसरी बाजूही आहे. आत्याला विचारलं, तेव्हाच स्पष्ट नाही म्हणाले असते तर? ती म्हणाली, "मग मला इतकी वर्षं इथे एकटीला राहता आलं नसतं रे."

आपल्या पांडुरंग खानखोज्यांचं प्रकरण तर आणखी विचित्र. वर्ध्याचे क्रांतिकारक, गदरवाले, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्राचे प्राध्यापक. मका आणि गव्हावर त्यांनी केलेलं काम तिथे आजही मानतात. देश स्वतंत्र झाला, ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडलं ते मिळालं आणि भारतात यायला व्हिसा मागितला तर आधी नाकारला गेला. कारण इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव होतं! इंग्रज गेले, यादी राहिली. पुढे तो निर्णय फिरला, ते कुटुंबासह नागपूरला आले आणि १९६७ साली तिथेच वारले. यात दुष्ट असा कुणीच नव्हता बहुतेक. फक्त यादी पुन्हा वाचून बघायला कुणी बसलं नाही.

याच अध्यायात अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याच्या लक्षणांत एक शब्द आहे, दीर्घसूत्री. आजचं काम लांबवत नेणारा. तो वाचताना मी खुशीत वकिलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होतो. पण तुमच्यातले निम्मे हिंजवडी, खराडीत बसता. कुणी एचआरमध्ये, कुणी बँकेत, कुणी सपोर्टला. तुमच्या डेस्कवर 'पेंडिंग' म्हणून पडलेल्या तिकिटामागेही कुणाच्या तरी घरात फोन टाळले जात असतील. मी स्वतः विम्याचे क्लेम बघतो, सध्या रोज निघण्याआधी ज्यांचं काही झालेलं नाही त्यांनाच आधी दोन ओळी लिहितो.

तेहतिसाव्या श्लोकातला सात्त्विक धीर म्हणजे मन, प्राण, इंद्रियं यांची कामं योगाने स्थिर धरणारा. ऐकायला फार उंचावरचं वाटतं. आमच्याकडे तो गेल्या चैत्रात अगदी साध्या रूपात आला. आजीनेच आत्याला फोन लावायला लावला आणि म्हणाली, "कागदाचं नको सांगू. काय खाल्लंस ते सांग." आता दर रविवारी सकाळी फोन होतो. त्यात कागदाचा विषय महिन्यातून एकदाच निघतो, बुलेटिन आलं की. पप्पा तारीख वहीत लिहितात, खाली 'नाही' लिहितात, वही मिटतात. पप्पांचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर साताऱ्याला झालं. वरच्या मजल्याचा स्लॅब या महिन्यात पडतोय. आईने दुसरं मशीन घेतलं, बायको-मुलींचे ब्लाउज सोडून आता एमआयडीसीतल्या कामगारांचे युनिफॉर्मही शिवते. अर्ज मागे घेतलेला नाही. नंबर लागला तर जायचं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत आणि माझं कुठलं ते मला रोज वेगळं वाटतं.

उद्या ३६ वा श्लोक, तिथून सुखाचे तीन प्रकार सुरू होतात. तोवर हे तिन्ही एकदा मोठ्याने वाचा.

राम कृष्ण हरी.