शेळीची वेदना आणि आपलं कर्तव्य

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवाच्या नावावरची पशुहत्या धिक्कारली, ती भूतदयेपोटी. त्या दयेला आज शरीरशास्त्राचाही आधार आहे. शेळ्यांच्या विषाणूजन्य संधिवातात विषाणू मॅक्रोफेज पेशींत दडतो आणि टीएनएफ-अल्फासारखे दाहक रेणू सांध्याचं अस्तर सुजवतात. माणसाच्या आमवातातही हाच रेणू सांधे पोखरतो. कोणी म्हणेल, रेणू म्हणजे वेदना नव्हे. खरं आहे, पण गुडघे टेकून चरणारी शेळी शंकेला जागा ठेवत नाही. मग हे पूर्वजन्मीचं फळ म्हणून सोडून द्यायचं? विषाणू मुख्यतः आईच्या चिकातून, दुधातून करडात जातो. ही वाट माणसाला अडवता येते, म्हणूनच तिथे कर्माचा सिद्धान्त पुढे करणं मला अधर्म वाटतं. रोगावर औषध नाही. वऱ्हाडातल्या शेळीपालकांनो, बाधित शेळीचं करडू जन्मताच वेगळं करा आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला 56 अंश सेल्सिअसवर तासभर ठेवलेला चीक पाजा.