खाली सही कोणाची?

पूर्वी माणसं डॉक्टरांवर विश्वास ठेवीत, त्याचं एक कारण डॉक्टरांचं अक्षर. चिठ्ठीवर काय खरडलंय ते डॉक्टर, औषधवाला आणि परमेश्वर या तिघांनाच ठाऊक. आपण गोळी गिळायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायचं. हिंगोली हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं तेव्हा हीच रीत होती. १ मे १९९९ रोजी हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या रीतीत काही फरक पडला नाही. फरक पडला तो मोबाइल आल्यावर. आता माणसं आधी गोळीची कुंडली पाहतात, आणि पत्रिका जुळली तरच गिळतात.

कुंडली पाहू नये, असं मी म्हणणार नाही. माझ्या पोटात काय जातंय ते मला कळलंच पाहिजे. पण माहितीचंही औषधासारखंच असतं. कोणाच्या हातून, किती आणि कधी घेतली, यावर गुण अवलंबून.

वसमतच्या आमच्या आत्याबाईंचंच पाहा. वय ७५. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिनची गोळी चालू होती आणि पाय सुजायला लागले. नातवानं मोबाइलला विचारलं. पाच मिनिटांत मोबाइलनं आत्याबाईंचं मूत्रपिंड, यकृत आणि हृदय असे तिन्ही अवयव निकालात काढले. एका गृहस्थानं तर चित्रफितीत येऊन सांगितलं, ‘ही गोळी विष आहे. आजच बंद करा आणि आमचं हळदीचं चूर्ण घ्या.’ खाली किंमत होती.

इथं गृहस्थ फसले. वसमतच्या बाईला हळद विकायची म्हणजे पंढरपुरात बुक्का विकायला जाण्यासारखंच! आत्याबाई कडाडल्या, “आठ-नऊ महिने वावरात राबून हळद काढतो आम्ही. तिचे गुण ह्यो मला शिकवतो? अन् ह्या भावानं?”

चूर्ण टळलं. गोळी मात्र बंद झाली. विकणाऱ्याचा माल आत्याबाईंनी नाकारला, पण त्यानं फुकट दिलेली भीती घेतली. रक्तदाब मोठा मुकाट शत्रू. वाढतो तेव्हा बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आणि कळतो तेव्हा कधी कधी अर्धं अंग गेलेलं असतं. आठ दिवसांनी दाब मोजला तेव्हा मोजणाराच दचकला.

गंमत अशी, की गोळीवरचा संशय खरा होता! ॲम्लोडिपिननं घोटे सुजू शकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या ‘मेडलाइनप्लस’वर हे सरळ लिहिलेलं आहे. तिथं कोणी ओरडत नाही, काही विकत नाही. माहिती कुठून घेतली आणि पान कधी तपासलं, हे खाली दिलेलं असतं. आणि एक अत्यंत नीरस वाक्य असतं : डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. विश्वासार्ह माहितीची ही खूणच समजा. ती वाचताना जांभई येते. फक्त शोधताना कंपनीनं ठेवलेलं बारशाचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात असतं ते मूळ औषधाचं नाव घ्यावं. त्यातही घोटाळे आहेत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत गेलं, की ॲसिटामिनोफेन होतं.

मग दुष्परिणाम रोग्याला सांगावेतच का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२० साली लंडनमधल्या संशोधकांनी ६० माणसांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडलेली ही माणसं. त्यांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने रिकामी बाटली दिली. खऱ्या गोळीनं जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनंही झाला! हे पाहून निम्म्या लोकांनी पुन्हा गोळी सुरू केली. म्हणजे धास्तीनंही अंग दुखतं, आणि ते खरोखरच दुखतं.

तरीही माझं मत सांगण्याच्याच बाजूचं आहे. लपवलेली गोष्ट आज ना उद्या कळते आणि कळली की गोळीबरोबर डॉक्टरही बंद होतो. ‘पाय सुजले तर येऊन सांगा, गोळी बदलू,’ एवढं एक वाक्य आत्याबाईंना आधी कोणी ऐकवलं असतं, तर मोबाइलला विचारायची वेळ आली नसती. पुढं डॉक्टरांनी गोळी बदलली आणि सूज उतरली. अशा त्रासाची नोंद रोग्यालाही करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशननं त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर ठेवला आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव असतं, नोंदणी क्रमांक असतो आणि खाली, न वाचता येणारी का होईना, सही असते. चुकलं तर दारात जाऊन जाब विचारता येतो. चूर्णवाल्याला दारच नाही. पण त्याला नावं ठेवताना आपणही जरा जपून असावं. ‘ही गोळी घेऊ नका, सर्वांना कळवा’ असा निरोप सकाळी चहाबरोबर दहा घरी धाडणारे आपणच असतो. धाडण्यापूर्वी एवढंच विचारावं : याखाली मी माझी सही करीन का? वाचता येईल अशी?