सुधारणा आणि विश्वास

मुळशी तालुक्यांतील लवळे येथें टेकडीवर आज एका विद्यापीठाचें मोठें रुग्णालय उभें आहे. शहराबाहेर अशी सोय व्हावी ही कांहीं लहानसान गोष्ट नव्हे. २०२० च्या साथींत तेथें कोरोनाच्या रुग्णांवर उपचारही झाले. तथापि तें पाहून मनांत एक प्रश्न येतो. रुग्णालय उभें राहिलें म्हणजे आरोग्यव्यवस्था सुधारली, असें म्हणतां येईल काय?

पुण्यानें या प्रश्नाचें उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळविलें आहे. १८९७ च्या प्लेगांत रँडसाहेबांच्या हुकुमानें गोऱ्या शिपायांनीं घरोघर झडत्या घेतल्या. रोगी निराळा ठेवावा, हा विचार वैद्यकदृष्ट्या चुकीचा नव्हता. परंतु ज्यांचे प्राण वाचवावयाचे, त्यांच्याच देवघरांत बूट घालून शिरल्यावर लोक रोगी लपवूं लागले. त्याच साथींत, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करतां करतां प्लेगनेंच निवर्तल्या. त्यांच्या सेवेला शिपायाची गरज नव्हती.

कोणी म्हणेल, साथ दारांत असतां विश्वासाची वाट पाहत बसावें काय? सक्ती कधीं कधीं अपरिहार्य असते, हें मान्य केलें पाहिजे. परंतु सक्तीनें एक रोगी रुग्णालयांत नेतां येतो. शेजारच्या घरांतील दुसऱ्या रोग्याची बातमी मात्र सक्तीनें कळत नाहीं.

हें ओळखूनच, १९७० सालीं जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं गांवच्याच स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर असतांही, आरोग्याचें ज्ञान दिलें. पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं अशाच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघरीं शुश्रूषा करविली. तेथें नवजातांचे मृत्यू सुमारें ६२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. आपली विद्या अशिक्षित स्त्रीच्या हातीं निःशंकपणें देणें, हें डॉक्टरला नवें रुग्णालय बांधण्याहून अवघड असतें. व्यवस्था बदलते ती येथें.

२००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें तत्सम योजना ‘आशा’ या नांवानें देशभर नेली. गर्भवतीची नोंद ठेवणारी, तिला रुग्णालयाची वाट दाखविणारी ही बाई गांवचीच असते. पण तिला वेतन नाहीं, मानधन आहे. ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका आहे. तिच्या शब्दावर गांव विसंबतें, तिच्या नोंदींवर सरकार विसंबतें, आणि आपल्या हक्कासाठीं ती संपावर गेली कीं आपण सुशिक्षित माणसें तिला सेवाधर्माची आठवण करून देतों! विश्वास टाकावयाचा, परंतु त्याचें मोल द्यावयाचें नाहीं, ही अर्धीच सुधारणा होय. टेकडीवरच्या रुग्णालयापर्यंत पोंचण्याची वाट ज्या बाईच्या पायांनीं मळते, तिचा हिशेब चुकता केल्यावांचून आपली आरोग्यव्यवस्था सुधारली, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस येत नाहीं.